आवाजाचे दुकान : पालघर-बोईसरमध्ये छोटा पॉडकास्ट कसा सुरू करावा

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आमचा भाचा दुकानात आला आणि म्हणाला, “मामू, मला पॉडकास्ट सुरू करायचा आहे. रस्त्यावरची माणसं, प्रवास आणि फोटो, या तिन्हींवर. पाच हजार रुपये लागतील.” आम्ही पडलो कापडाचे व्यापारी. सवयीप्रमाणे तीन प्रश्न विचारले : माल कुठला, गिऱ्हाईक कोण आणि पैसा फिरून कधी येणार? तिन्हींना त्याच्याजवळ धड उत्तर नव्हते. त्या दिवशी तो रिकाम्या हाताने परत गेला.

रात्री मात्र आम्हालाच चुटपुट लागली. त्याच्या वयाचे असताना दुकानाला नवी पाटी लावावी म्हणून आम्हीही वडिलांशी असेच भांडलो होतो. मग दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासोबत बसून आम्ही हा विषय समजून घेतला, त्याच्याबरोबर पालघरपासून तारापूरपर्यंत हिंडलो, चुका केल्या आणि एका गरिबाचे नुकसानही करून बसलो. तो सारा तजुर्बा येथे मांडत आहोत. ज्यांच्या घरात मुले हाच हट्ट धरून बसली आहेत, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

पॉडकास्ट म्हणजे काय?

सोप्या भाषेत सांगायचे तर हा आपल्या सोयीच्या वेळी ऐकण्याचा रेडिओ आहे. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झालेली अमीन सयानी यांची गीतमाला आमच्या घरातील थोर मंडळी बुधवारी रात्री रेडिओभोवती बसून ऐकत. वेळ चुकली की कार्यक्रम गेला. पॉडकास्टमध्ये तसे नाही. आपण आवाज ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर एका जागी ठेवतो. ऐकणारा तो गाडीत, कारखान्यात किंवा रात्री अंथरुणात, हवा तेव्हा ऐकतो.

याला पॉडकास्ट का म्हणतात? ॲपल कंपनीचे गाणी ऐकण्याचे यंत्र होते आयपॉड. त्याच्या नावातला ‘पॉड’ आणि प्रसारण या अर्थाच्या ‘ब्रॉडकास्ट’मधला ‘कास्ट’ जोडून हा शब्द झाला. २००४ मध्ये ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्रातील एका लेखात तो आला आणि पुढच्याच वर्षी ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली. आयपॉड आता बंद झाला, नाव मात्र राहिले.

साध्या ध्वनिफितीत आणि पॉडकास्टमध्ये एक फरक आहे. पॉडकास्टसोबत एक यादी असते, तिला आरएसएस फीड म्हणतात. नवा भाग तयार झाला की तो या यादीत चढतो आणि ज्याने एकदा नाव नोंदवले आहे त्याच्या मोबाईलवर आपोआप पोहोचतो. दुधाचा रतीब लावल्यासारखेच हे आहे. म्हणून रतीब घालणाऱ्याची जी जबाबदारी, तीच येथेही : ठरल्या दिवशी, ठरल्या मापाचे, पाणी न घातलेले.

माल आपल्या दारात आहे

भाच्याला वाटत होते की प्रवासावर बोलायचे तर काश्मीर नाहीतर दुबई गाठली पाहिजे. आम्ही त्याला पालघरहून उमरोळीमार्गे बोईसरपर्यंत रेल्वेने नेले. मधले स्टेशन फक्त एक. पण या एवढ्या पट्ट्यात किती माल आहे ते पाहा.

तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, पोलाद आणि कापडावरील प्रक्रिया यांचे कारखाने आहेत. तिथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेले कामगार पाळी बदलताना रस्त्यावर उतरतात. सातपाटीला पापलेटसाठी नावाजलेले बंदर आहे. चिंचणी आणि आसपासच्या गावांत दागिन्यांचे डाय कोरणारे कारागीर आहेत. अंगठ्याएवढ्या पोलादी ठोकळ्यावर ते नक्षी कोरतात आणि त्या ठोकळ्यावर दाबलेल्या सोन्या-चांदीच्या पत्र्यावर ती उमटते. दागिना घालणाऱ्या बाईला सोनाराचे नाव ठाऊक असते, डाय कोरणाऱ्याचे नसते. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून १९६९ पासून वीज मिळू लागली, हे शाळेतल्या मुलालाही पाठ आहे. पण पुढे त्याच्या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला जुन्या घराकडे जाणारी वाट विचारली तर तो ती अजून वळणावळणाने सांगेल. त्या वाटेचा फोटो आता कोणी काढू शकत नाही. आवाज तेवढा मिळेल, तोही तो माणूस आहे तोवर.

२०१३ मध्ये मुंबईची लोकल डहाणूपर्यंत आली आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तरी आमच्या गावांवरून रोज जाणाऱ्या हजारो माणसांना खिडकीतून स्टेशनची पाटी तेवढी दिसते. त्यांना खाली उतरावेसे वाटेल असे काही ऐकवणे, हा या पॉडकास्टचा माल. गिऱ्हाईक म्हणजे ते प्रवासी आणि परगावी गेलेली आपली मुले.

फोटो कानाने कसा दाखवावा?

फोटोवर बोलायचे आणि फोटो तर दिसत नाही, हे कसे, असे आम्हीही विचारले होते. पण दुकानात फोनवर गिऱ्हाईकाला कापड कसे सांगतो ते आठवले आणि कोडे सुटले. “लाल आहे” म्हटल्याने काही कळत नाही. “डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग, हाताला जरा खरखरीत, उन्हात धरला की किनार उठून दिसते” म्हटले की कापड डोळ्यांपुढे येते.

फोटोचेही तसेच. आधी उजेड कुठून येतो ते सांगावे, मग माणूस कुठे उभा आहे ते, मग त्याच्या हातात काय आहे ते. शेवटी चौकटीबाहेर काय राहिले तेही सांगावे. डाय कोरणाऱ्याच्या फोटोत दिव्याचा उजेड, डोळ्याला लावलेले भिंग आणि बोटांतली छिन्नी दिसते. हातोडीची टिकटिक आणि आतल्या खोलीतून चहासाठी मारलेली हाक फोटोत येत नाही. ती आपण ऐकवतो. फोटो आणि आवाज असे एकमेकांची उणीव भरून काढतात. भागासोबत तो एकच फोटो लावावा. पॉडकास्टच्या मुखपृष्ठासाठी मात्र चौकोनी चित्र लागते. लांबी-रुंदी प्रत्येकी तीन हजार पिक्सेल ठेवली की बहुतेक ठिकाणी चालते.

आठ मिनिटांचा हिशेब

भाच्याचा पहिला भाग एक्केचाळीस मिनिटांचा होता. घरच्यांनीसुद्धा तो पुरता ऐकला नाही. पालघर ते बोईसर गाडीत बसल्यावर जेवढा वेळ मिळतो त्यात भाग संपला पाहिजे, असे आम्ही ठरवले आणि माप आठ मिनिटांचे कापले.

त्याची वाटणी अशी. पहिले अर्धे मिनिट नुसता त्या जागेचा आवाज, बोलणे नाही. मग एक मिनिट : आपण कुठे आहोत, येथे कसे पोहोचलो, गाडी कुठली, पुढे रिक्षा की पायी. त्यानंतर साडेचार मिनिटे त्या माणसाचे बोलणे, आपले प्रश्न शक्य तेवढे काढून टाकून. मग दीड मिनिट फोटोचे वर्णन. शेवटच्या अर्ध्या मिनिटात पुढच्या भागाची खबर आणि सलाम-नमस्कार.

सुरुवात एका भागाने करू नये. दुकान उघडताना एकच थान मांडून कोणी बसत नाही. सहा भाग पूर्ण तयार झाल्यावर पहिला बाहेर काढावा आणि पुढे पंधरा दिवसांनी एक द्यावा. दहा-बारा भागांचा एक हंगाम करून मध्ये विश्रांती घ्यावी. पावसाळ्यात मासेमारीबंदी असते तेव्हा बंदरावर जाळी दुरुस्त होत असतात, माणसे निवांत बोलतात. असे वेळापत्रक पाहून विषय लावले की फेरी फुकट जात नाही.

साहित्य आणि आमच्या धंद्याचा फायदा

पाच हजार लागले नाहीत. मोबाईल घरात होताच. कॉलरला लावायचा तारेचा माईक हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळाला. कानात घालायची तार जुनीच वापरली. आवाज कापण्या-जोडण्यासाठी ऑडॅसिटी नावाचे सॉफ्टवेअर संगणकावर फुकट मिळते. मोबाईलवर हेच काम करणारी ॲपही आहेत.

माईक तोंडापासून साधारण एक वीत ठेवावा. रेकॉर्डिंग चालू असताना मोबाईल विमान-मोडवर टाकावा, नाहीतर मध्येच फोन वाजतो. पंखा बंद करावा. आपल्याला पंख्याची सवय असते, माईकला नसते.

रस्त्यावरचा खरा दुश्मन वारा. समुद्रकाठी तर तो सारे बोलणे खाऊन टाकतो. बाजारात माईकवर चढवायची फराची टोपी मिळते. आम्ही खेळण्यांसाठी वापरतात त्या केसाळ कापडाचा तुकडा शिवून घेतला, काम झाले.

आणि घरात बोलण्याचा भाग रेकॉर्ड करायला मोठा स्टुडिओ लागतो, हा गैरसमज. रिकाम्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो. जाड, फुगीर कापड तो शोषून घेते : रजई, टॉवेलचे कापड, सुती गादीपाट. आमच्या दुकानाच्या माळ्यावर थानांच्या रांगांमध्ये बसून बोललो तर आवाज घट्ट आणि स्वच्छ आला. पातळ सिंथेटिकचा तेवढा उपयोग होत नाही. कापडवाले, गादीवाले, शिंपी, या मंडळींकडे स्टुडिओ आधीच तयार आहे.

भाषा कोणती?

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी बाजारात शिकलो. पहिल्या भागाची प्रस्तावना आम्ही कागदावर सजवून लिहिली आणि वाचली. भाचा हसून म्हणाला, “मामू, निकाहचा रुक्का वाचून दाखवताय असं वाटतंय.” त्याचे बरोबर होते. कागद वाचला की आवाज मरतो.

अमीन सयानी यांच्या घरची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्यांच्या आई कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढीत. मजकूर साध्या हिंदुस्थानीत असे आणि तो देवनागरी, उर्दू व गुजराती अशा तीन लिप्यांत छापला जाई. लहानपणी सयानी आईला त्या कामात मदत करीत. कोट्यवधी लोकांना आपलेसे वाटणारे बोलणे अशा घरात घडले होते.

आपण मराठीत बोलावे, कारण येथे सर्वांची मिळून ती भाषा आहे. ज्याच्याशी बोलतो तो मात्र आपल्या भाषेत बोलू दे : कोळणीची मांगेली असो, वारली माणसाची बोली असो, कारखान्यातल्या कामगाराची भोजपुरी असो की आपल्या कोकणी घरांतली बोली. मध्ये दोन वाक्यांत मराठीत अर्थ सांगितला की पुरे. कागदावर वाक्ये न लिहिता फक्त पाच मुद्दे लिहावेत.

इजाजत : जिथे आम्ही चुकलो

आता ती गोष्ट. तिसरा भाग एका कटपीसवाल्यावर होता. हातगाडीवर कापडाचे तुकडे विकणारा, बोलका माणूस. त्याने रेकॉर्डिंगला होकार दिला आणि बोलता बोलता गाडी लावायला कुणाकुणाला खूश ठेवावे लागते तेही सांगून टाकले. भाग रंगला. आम्हीही भाच्याची पाठ थोपटली. फोटोत त्याचा चेहरा होता, भागात जागेचे नाव होते. भाग बाहेर पडल्यावर चौथ्या दिवशी तो दुकानाच्या पायरीशी हात जोडून उभा राहिला. त्याची गाडी उठवली होती.

भाग त्याच क्षणी काढून टाकला. पण लोकांनी तो एकमेकांना पाठवला होता, तो कसा परत आणणार? कापलेले थान पुन्हा सलग होत नाही. अकरा दिवस त्याची गाडी लागली नाही. त्या अकरा दिवसांची रोजी आम्ही त्याच्या घरी नेऊन दिली. त्याने पैसे घेतले. पण आजही आमच्या दुकानासमोरून जाताना तो मान वळवतो.

फेरीवाल्यांच्या संरक्षणासाठी २०१४ चा कायदा आहे, विक्रीचे प्रमाणपत्र देण्याची त्यात तरतूद आहे. ज्याच्या हाती ते प्रमाणपत्र नाही त्याची रोजी मात्र एका वाक्याने जाऊ शकते. “बोलू का?” याला मिळालेला होकार म्हणजे “जगाला ऐकवू का?” याला मिळालेला होकार नव्हे. हे आम्ही उशिरा शिकलो. माणसाचा आवाज आपल्याकडे अमानत असतो.

त्यानंतर आम्ही चार नियम केले. पहिला, माईक काढण्याआधी आपण कोण, कुठले आणि हे कुठे ऐकवले जाणार ते सांगायचे. दुसरा, भाग तयार झाल्यावर त्याच माणसाला बसवून पूर्ण ऐकवायचा आणि तो म्हणेल ते वाक्य वाद न घालता कापायचे. तिसरा, त्याला नको असेल तर नाव, चेहरा आणि नेमकी जागा द्यायची नाही. चौथा, मुलांचा फोटो किंवा आवाज आई-बापाला विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, आणि बायकांचा त्यांनी स्वतः होकार दिल्याशिवाय नाही.

दुसरी गोष्ट आपल्या सुरक्षिततेची. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या दिवसांत, आपल्याच जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने ठार मारले. चोर आणि मुले पळवणारे फिरत आहेत, अशा अफवा त्याआधी परिसरात पसरल्या होत्या. पुढे या घटनेला धार्मिक रंग देण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा अटक झालेल्यांत एकही मुसलमान नाही, असे त्या वेळच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. मोबाईलवरून फिरणारा खोटा शब्द काय करू शकतो ते या जिल्ह्याने पाहिले आहे. म्हणून अनोळखी पाड्यावर रात्री जाऊ नये. दिवसा, गावातल्या ओळखीच्या माणसासोबत जावे, सरपंच किंवा पोलीस पाटलाला आधी भेटावे. ऐकीव बातमी भागात कधीही घालू नये.

अणुवीज केंद्राचा परिसर प्रतिबंधित आहे. तिकडे कॅमेरा किंवा माईक रोखू नये. कारखान्याच्या आत मालकाच्या लेखी परवानगीशिवाय काही टिपू नये. स्टेशनवर चित्रीकरणाचे नियम आहेत, सामान मांडून बसू नये. मागे टपरीवर चित्रपटाचे गाणे वाजत असेल तर थोडे पुढे सरकावे, कारण त्या गाण्यावर दुसऱ्याचा हक्क असतो.

माल ठेवायचा कुठे?

भाग ठेवण्यासाठी फुकट जागा मिळते. पूर्वी अँकर नावाने चालणारी सेवा स्पॉटिफायने २०१९ मध्ये विकत घेतली, ती आज ‘स्पॉटिफाय फॉर क्रिएटर्स’ नावाने चालते. तिथे खाते उघडून भाग चढवला की यादी आपोआप तयार होते. तीच यादी ॲपलला आणि इतरांना देता येते. यूट्यूबवरही ठेवावा, कारण आपल्याकडे बरेच लोक तिथेच शोधतात. बोलण्याचा भाग मोनो, ९६ केबीपीएस या मापाने एमपीथ्री केला तर आठ मिनिटे सहा एमबीच्या आत बसतात. कमी डेटा असलेल्या कामगारालाही ते परवडते.

मात्र दुसऱ्याच्या गोदामावर सारा भरवसा ठेवू नये. गुगलची पॉडकास्ट सेवा २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी मूळ माल घरी ठेवला होता त्यांना फिकीर नव्हती. मूळ रेकॉर्डिंग, फोटो आणि होकाराची नोंद दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी.

नफा-तोटा

आता आमचा तिसरा प्रश्न. पैसा फिरून कधी येणार? खरे सांगायचे तर जाहिरातीच्या रूपाने आम्हाला आजवर काही आले नाही आणि लवकर येईल असेही नाही. आठ मिनिटांच्या एका भागामागे फेरी, रेकॉर्डिंग, कापाकापी धरून भाच्याचा पूर्ण एक दिवस जातो. जो मुलगा यातून महिन्याचा पगार निघेल म्हणून नोकरी सोडू पाहतो, त्याला घरच्यांनी थांबवावे.

मिळते ते वेगळे. डाय कोरणाऱ्याचा भाग ऐकून मुंबईच्या एका सोनाराने त्याचा पत्ता विचारला, आम्ही त्याला विचारून तो दिला. भाच्याला दोन लग्नांच्या फोटोग्राफीची कामे मिळाली. आमच्याकडे येणारे गिऱ्हाईक “तुमचा आवाज ऐकला” म्हणून दोन मिनिटे जास्त बसते. वहीत हे जमेच्या बाजूला मांडता येत नाही, पण साख म्हणतात ती अशीच तयार होते, आणि अशीच जाते.

भाच्याचा हंगाम आता अकराव्या भागावर आला आहे. बाराव्या भागासाठी त्याने त्या कटपीसवाल्याकडे पुन्हा जायचे ठरवले आहे. माईक घरी ठेवून, नुसता चहा प्यायला. तो बोलला तर बरे. नाही बोलला, तर हंगाम अकरा भागांचाच राहील.